नगरचा सिंह समुद्रकांठीं

छायाचित्र काढणें ही गोष्ट हल्लीं इतकी सोपी झाली आहे कीं, एखादी जुनी वास्तु नीट पाहण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या शतांशही वेळ तिचें चित्र घेण्यास लागत नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं, पाहण्याचें काम आपण घरीं गेल्यावर करूं म्हणून पुढें ढकलतों, आणि घरीं गेल्यावर तें राहून जातें. सुटीच्या दिवसांत नगर, पुणें, नाशिक इकडील पुष्कळ कुटुंबें घांट उतरून मुरुडास जातात. मुलें पुळणींत वाळूचे किल्ले करितात, वडील माणसें सुरूच्या सावलींत बसतात, आणि दुसरे दिवशीं सर्व मंडळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास जातात. परत येतांना प्रत्येकाजवळ जीं पन्नास-शंभर चित्रें असतात, त्यांत एक बहुधा ठरलेलें असतें. किल्ल्याच्या दरवाजापाशीं दगडावर एक श्वापद कोरलें आहे. त्याच्यापुढें घरांतील एखादें मूल उभें केलेलें असतें, आणि मूल हंसत असतें.

या श्वापदाविषयीं कांहीं लिहावें असा आमचा विचार आहे. तें समुद्रांत जाऊन बसलें असलें तरी त्याचें माहेर घांटावर, नगरास आहे. आणि नगरच्याच लोकांस या नात्याची आठवण राहिलेली नाहीं, हें लिहिण्याचें मुख्य कारण होय. नगर शहरास व जिल्ह्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. परंतु येथें बोलावयाचें तें निजामशाहीच्या दिवसांविषयीं, म्हणून आम्ही जुन्याच नांवानें बोलूं.

प्रथम तें शिल्प कसें आहे हें पाहूं. सिंह म्हणा कीं वाघ म्हणा, त्याच्या जातीविषयीं पुढें बोलतां येईल. मार्जारकुळांतला एक अंगानें भरलेला प्राणी बाजूनें दाखविला आहे. त्याच्या चारी पंजांत एकेक हत्ती आहे, आणि शेपटीच्या वेढ्यांत आणखी एक सांपडला आहे. हे हत्ती केवढे? मांजरानें धरलेल्या उंदरांएवढे. शिकार करणारा सिंह भारतीय शिल्पांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो, परंतु तो एका वेळीं एकाच हत्तीवर झेंप घालतो व त्याचें गंडस्थळ फोडतो. संस्कृत कवींनीं त्यास दुसरें काम दिलेलेंच नाहीं. आमच्या या प्राण्यानें कोणाचें गंडस्थळ फोडलेलें नाहीं. त्यानें हत्ती गोळा केले आहेत. पंजे चारच असल्यामुळें पांचव्याची सोय शेपटीनें करावी लागली, ही कोरणाराची कल्पना ज्यास गंमतीची वाटत नसेल त्यानें आपल्या घरांतील मुलास विचारावें. कोरणाराचा हात फार सफाईचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. वेरूळच्या कैलास लेण्याच्या पायथ्याचे हत्ती ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हे हत्ती ओबडधोबडच वाटतील. पण त्या हातांत खेळकरपणा होता.

आतां या शिल्पाचा जो अर्थ सांगण्यांत येतो तो ऐका. होडीवाले सांगतात, वाटाडे सांगतात, आणि तेंच ऐकून कांहीं पुस्तकांतही छापलें गेलें आहे, कीं हा सिंह म्हणजे किल्ला बांधणारा बुऱ्हाणखान आणि हत्ती म्हणजे आसपासचे सत्ताधीश. तुम्ही कितीही मोठे असलां तरी मी तुम्हांस पायांखालीं धरीन, अशी ही त्याची दर्पोक्ति. अर्थ चटकदार आहे व होडींत बसल्याबसल्या सांगण्यास सोयीचा आहे. याच वाटाड्यांच्या तोंडीं आणखी एक पाठ असतो: बावीस एकर जागा, बावीस बुरुज, बावीस वर्षें बांधकाम. दगडी किल्ल्याचें काम सामान्यतः इ. स. १५६७ ते १५७१ या काळांतलें मानितात, म्हणजे बावीस वर्षें कोठून आलीं हें त्या बावीस बुरुजांसच ठाऊक! दर्पोक्तीची कथाही आम्हांस याच टांकसाळींतली वाटते, आणि तसें वाटण्यास कारणें आहेत.

पहिलें कारण अगदीं व्यवहारांतलें आहे. जंजिरा चोहोंकडून समुद्रानें वेढलेला आहे. नांवच मुळीं अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून पडलें. भुईकोट किल्ल्याच्या दरवाजांवर लोखंडी अणकुचीदार खिळे असतात ते हत्तींनीं धडक देऊं नये म्हणून. जंजिऱ्याच्या दरवाजाला भरतीचें पाणी लागतें; तेथें धडक देण्यास हत्ती येणार कसा? ज्या शत्रूंचें भय या किल्ल्याला होतें ते गलबतांतून येणारे होते, आणि त्यांतले पोर्तुगीज तर हत्तीच्या बळावर लढणारे नव्हतेच. समुद्रांतील शत्रूला भिववावयाचें असतें तर शिल्पकारानें सिंहाच्या पंजांत गलबतें दिलीं असतीं. हत्ती कोरले आहेत, यावरून ही कल्पना समुद्रकांठीं सुचलेली नव्हे, ती घांटावरून तयार होऊन खालीं आली, असें अनुमान करावें लागतें. दुसरें असें कीं, बुऱ्हाणखान हा स्वतंत्र राजा नव्हता. तो नगरच्या दरबाराचा चाकर. आणि हत्ती ज्याच्या पीलखान्यांत झुलत होते तो त्याचा धनी. चाकरानें स्वतःस सिंह म्हणवून हत्तींस पायांखालीं घ्यावें, आणि तेंही धन्याच्या खर्चानें बांधलेल्या दरवाजावर, हें त्या काळच्या दरबारी रीतीस धरून दिसत नाहीं.

मग नगरचा आणि समुद्राचा संबंध काय? आमच्या लोकांस नगर म्हटलें कीं भुईकोट किल्ला, चांदबिबी, आणि अलीकडे १९४२ पासून १९४५ पर्यंत त्या किल्ल्यांत कोंडलेले राष्ट्रीय पुढारी इतकें आठवतें. त्या राज्याला समुद्र होता हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक निजामशाहीचा उगम नगरास नसून जुन्नरास आहे, आणि जुन्नर हें कोंकणच्या वाटांच्या माथ्यावर बसलेलें शहर. अफनासी निकितीन नांवाचा रशियन व्यापारी बहामनी राज्यांत आला तेव्हां तो चौल बंदरीं उतरला आणि घांट चढून जुन्नरास गेला. विकावयास त्यानें आणिला होता एक घोडा, आणि तोही जुन्नरच्या अधिकाऱ्यानें हिरावून घेतला! एका घोड्यासाठीं रशियांतून निघालेला माणूस जुन्नरपर्यंत येतो, यावरून दक्षिणेंत घोड्याला काय किंमत होती हें समजावें. घोडे समुद्रावरून येत, तोफा ओतणारे कारागीर समुद्रावरून येत, आणि हबशी शिपाईही समुद्रावरूनच येत. पुढें ज्यानें नगरचें बुडतें राज्य पंचवीस वर्षें सांवरून धरिलें तो मलिक अंबर हाही अबिसीनियांत जन्मलेला आणि मुर्तजा निजामशहाचा मंत्री चंगीजखान याच्या पदरीं वाढलेला. बंदर हातांत नसतें तर हें राज्य उभें राहिलेंच नसतें.

म्हणूनच मलिक अहंमद हा स्वतंत्र होण्यापूर्वींच कोंकणांत उतरला होता. त्यानें दंडा-राजपुरीस वेढा घातला असल्याचें फिरिश्ता लिहितो. पुढें २८ मे १४९० रोजीं भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड करून तो स्वतंत्र झाला, आणि त्याच जागेजवळ १४९४ सालीं त्यानें आपल्या नांवाचें शहर वसविलें. म्हणजे नगर शहर जन्मास येण्यापूर्वीं नगरकरांची दृष्टि समुद्रावर होती. या घराण्यास ‘बहिरी’ असें उपपद होतें. फिरिश्ता त्याची उपपत्ति अशी देतो कीं, मलिक अहंमदाचा बाप मूळचा पाथरीकडील ब्राह्मणाचा मुलगा. त्याच्या बापाचें नांव भैरव. तें बहामनी राजपुत्रास उच्चारतां येईना म्हणून त्याचें ‘बहिरी’ झालें. बहिरी म्हणजे ससाणा, आणि अरबींत बहरी म्हणजे समुद्राचा. भैरवापासून ससाण्यापर्यंत आणि ससाण्यापासून समुद्रापर्यंत एकाच शब्दानें घेतलेली ही भरारी पाहून आम्हांस मौज वाटते. तींतून इतिहास काढण्याचा आमचा आग्रह नाहीं.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं असलेल्या बेटावर त्या वेळीं कोळ्यांचा लांकडी मेढेकोट होता. त्यांचा प्रमुख राम पाटील हा जुन्नरच्या अधिकाऱ्यास जुमानीनासा झाला, तेव्हां पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषानें आला, त्यानें कोळ्यांस मद्याचीं पिंपें भेट दिलीं आणि ते झिंगले असतां बेट घेतलें, अशी कथा आहे. कथा म्हणून ती ठीक आहे. लांकडाच्या जागीं दगड आला तो मात्र पाऊणशें वर्षांनीं, बुऱ्हाणखानाच्या हातून. आणि तो कां आला हें समजण्यासाठीं आपणांस पुनः नगरास जावें लागेल.

तीं वर्षें नगरच्या इतिहासांतलीं सर्वांत भरगच्च वर्षें होत. हुसेन निजामशहानें १५५९ पासून नगरचा मातीचा किल्ला पाडून तो दगडी केला. २३ जानेवारी १५६५ रोजीं राक्षसतागडीच्या लढाईंत विजयनगरचा रामराय त्याच्यापुढें धरून आणण्यांत आला आणि त्याचें मस्तक उडविण्यांत आलें. त्याच वर्षीं हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणी खुंजा हुमायून हिच्याकडे आला. आफताबी नांवाच्या कवीनें हुसेनशहावर लिहिलेलें एक सचित्र फारसी काव्य पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. त्यांतील चित्रांत राजाशेजारीं बसलेल्या राणीची आकृति मागाहून कोणीं तरी पुसून टाकिली आहे. राणी १५६९ च्या सुमारास सत्तेवरून गेली, तेव्हां तिच्या आकृतीही गेल्या असाव्यात. कागदावरची मूर्ति अशी बोटानें पुसतां येते. समुद्रांतल्या दगडावरची तितकी सहज पुसतां आली नाहीं, हें आपलें नशीब म्हणावयाचें.

नगर शहरांत किल्ल्याजवळची दमडी मशीद याच सुमाराची, १५६७-६८ सालची. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं एकेक दमडी देऊन ती बांधविली अशी तिच्या नांवाची दंतकथा आहे. मशीद लहानशी, पण तिच्या दगडांतील नक्षी पाहिली म्हणजे नगरास त्या वेळीं पाथरवटांची किती तरबेज पिढी तयार झाली होती याची साक्ष पटते. किल्ल्याचें काम संपलें होतें. हात रिकामे होते. आणि नेमकें १५६७ सालींच जंजिऱ्याचें दगडी काम सुरू होतें. नगरचेच पाथरवट घांट उतरून राजपुरीस गेले असा लेख आम्हांपुढें नाहीं. परंतु राज्य एक, वर्ष एक आणि काम एकाच जातीचें, तेव्हां असें मानण्यास आम्हांस फारसा संकोच वाटत नाहीं.

कामाची निकडही होती. चौल बंदर निजामशाहाचें खरें, पण १५२१ सालीं त्याच्या परवानगीनेंच पोर्तुगीजांनीं तेथें पाय रोविला होता, आणि पाहुणा घरधन्याहून मोठा झाला होता. १५७० च्या डिसेंबरांत मुर्तजानें चौलास वेढा घातला. आदिलशहा त्याच वेळीं गोव्यावर गेला होता. सातआठ महिने वेढा चालला, माणसें फार मेलीं, आणि १५७१ च्या जुलैंत हात हालवीत परतावें लागलें. चौल मिळालें नाहीं. राजपुरीचा किल्ला मात्र त्याच वर्षीं पुरा झाला. नगरच्या सागरी मनोरथांपैकीं जें सिद्धीस गेलें तें एवढेंच, आणि तेंही पुढें नगरकरांच्या हातीं राहिलें नाहीं. १६३६ सालीं निजामशाही बुडाली. किल्ला सिद्दींकडे होता तो सिद्दींकडेच राहिला. शिवाजी महाराजांस आणि संभाजी महाराजांस तो घेतां आला नाहीं. आणि १९४८ सालीं तें संस्थान भारतांत विलीन झालें. या तीनशें वर्षांचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तो येथें विस्तारानें सांगत नाहीं. त्या इतिहासाच्या दडपणाखालीं पहिलीं शंभर वर्षें दिसेनाशीं झालीं, इतकेंच आमचें म्हणणें.

आतां हत्तींकडे वळूं. नगरच्या दरबारांत हत्ती ही शोभेची वस्तु नव्हती. राक्षसतागडीच्या रणांत रामराय पालखींत असतां निजामशाहाचा एक हत्ती त्याच्या अंगावर आला, भोई पालखी टाकून पळाले, आणि हत्तीच्या सोंडेनेंच रामरायास उचलून धरण्यांत आलें, असें फिरिश्त्यानें लिहिलें आहे. फिरिश्ता हा नगरास वाढलेला. त्या हत्तीच्या गोष्टी त्यानें लहानपणीं ऐकल्या असतील. एवढें मोठें काम करणाऱ्या प्राण्याला दोनच वर्षांनीं उंदराएवढा करून सिंहाच्या शेपटींत अडकविणें, हा त्या दरबारी लोकांस केवढा विनोद वाटला असेल!

आणि हा विनोद नगरास नवा नव्हता. याचा पुरावा जंजिऱ्यास नाहीं, तो विजापुरास आहे. विजापूरची प्रसिद्ध तोफ ‘मलिक-ए-मैदान’ ही विजापूरची नव्हेच. १५४९ सालीं ती नगरास ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी नांवाचा तुर्क कारागीर. लांबी सुमारें १४ फूट, वजन सुमारें ५५ टन. पुढें ती परांड्यास होती, आणि १६३२ सालीं मुरारपंतानें ती विजापुरास नेली. या तोफेचें तोंड एका श्वापदाच्या उघड्या जबड्यासारखें घडविलें आहे, आणि त्याच्या सुळ्यांमध्यें एक चिमुकला हत्ती चिरडला जात आहे. ज्या बुरुजावर ती आज आहे त्याचें नांवही शेर्जा, म्हणजे सिंहाचा बुरुज. तोफ आणि जंजिऱ्याचें शिल्प यांत अठरा-वीस वर्षांचें अंतर आहे. एक पंचरसी धातूचें, दुसरें काळ्या दगडाचें. पण कल्पना एकाच घरची आहे. मोठ्या श्वापदाच्या तोंडीं किंवा पंजांत लहानसा हत्ती देणें ही नगरच्या कारखान्याची आवडती थट्टा होती, असें या दोन वस्तू शेजारीं ठेविल्या म्हणजे दिसून येतें. बुऱ्हाणखानाच्या गर्वाचें प्रयोजनच उरत नाहीं.

ही कल्पना नगरनेंच काढिली असें मात्र कोणीं समजूं नये. ओरिसांत समुद्रकांठच्या कोणार्क देवळापुढें तेराव्या शतकांतले सिंह हत्तींवर स्वार झालेले आहेत. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी चोंचींत व नख्यांत हत्ती धरून उडतो आहे. वऱ्हाडांत गाविलगडच्या दरवाजावर हाच पक्षी हत्तींसह बसला आहे. निजामशाहीच्या मूळ घरीं, शिवनेरीच्या दरवाजांवर, अशीं श्वापदें आहेत. आणि सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, रायगडावर नगारखान्याच्या दरवाजावरही हत्तींस पायांखालीं घेतलेलें हेंच श्वापद कोरलेलें आहे. जो किल्ला महाराजांस अखेरपर्यंत मिळाला नाहीं त्याच्या दरवाजावर आणि त्यांच्या स्वतःच्या राजधानीच्या दरवाजावर चित्र एकच! रायगडावर वाटाड्या सांगतो कीं सिंह म्हणजे महाराज आणि हत्ती म्हणजे शाह्या. जंजिऱ्यास दुसरा वाटाड्या सांगतो कीं सिंह म्हणजे बुऱ्हाणखान. दोघेही मनापासून सांगतात. ज्या विजयनगरचें राज्य नगरकरांनीं बुडविलें त्यांच्या नाण्यावर, ज्या सिद्दींशीं मराठे झगडले त्यांच्या दरवाजावर, आणि मराठ्यांच्या राजधानींत, असा हा सिंह किंवा त्याचा पंखवाला भाऊ सगळीकडे निर्वैरपणें हत्ती गोळा करीत बसला आहे. दक्षिणेंतल्या सर्व पाथरवटांची ती सामाईक दौलत होती. धनी बदलला, धर्म बदलला, तरी दरवाजा बांधावयाचा म्हटला कीं हातोडी त्याच वळणावर जाई.

जातीचा प्रश्न राहिला. अलीकडील अभ्यासक या प्राण्यास ‘शरभ’ म्हणतात. पुराणांतला शरभ आठ पायांचा, सिंहासही मारणारा, शिवानें नरसिंहाचा आवेश शांत करण्यासाठीं घेतलेलें रूप. दरवाजावरचा आमचा प्राणी चारच पायांचा, पंख नसलेला. आठ पाय असते तर शेपटीला काम पडलें नसतें! तरीही शरभ हें नांव आतां रूढ झालें आहे आणि त्यानें एक उपकार केला आहे: सगळ्या किल्ल्यांवरचीं हीं श्वापदें एका कुळांत मोडतात हें त्या नांवामुळें लोकांच्या ध्यानांत येऊं लागलें. आम्ही सिंह म्हणतों तें केवळ संवयीनें.

हें कुळ जुळविलें कोणीं? बव्हंशीं छायाचित्रानें. कोणार्क, हंपी, गाविलगड, रायगड, विजापूर आणि जंजिरा ही यात्रा एका माणसास एका वर्षांत करणें आजही कठीण. परंतु सहा चित्रें एका मेजावर मांडणें कोणासही शक्य आहे. एकेका जागीं उभें राहिल्यावर जी गोष्ट त्या जागेच्या धन्याची बढाई वाटते, ती सहा चित्रें जवळ ठेवितांच कारागिरांची परंपरा दिसूं लागते. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ सालीं. पुढच्याच वर्षीं कॅप्टन बिग्ज हा सरकारी नेमणुकीनें विजापूर, ऐहोळे, बदामी इकडील इमारतींचीं चित्रें घेत हिंडला, आणि १८६६ सालीं तीं मोठ्या ग्रंथरूपानें छापलीं गेलीं. योगायोग असा कीं, ज्या १८५४ सालीं मुंबईस ही सोसायटी निघाली त्याच सालीं मलिक-ए-मैदान लिलावांत काढण्याचा सरकारी हुकूम झाला होता. बोली आली १५० रुपये. एवढ्या कवडीमोलानें ती देण्यास तेथील अधिकाऱ्याचें मन घेईना, त्यानें वर लिहिलें आणि लिलाव रद्द झाला. नाहींतर नगरच्या त्या चिमुकल्या हत्तीची भांडीं झालीं असतीं, आणि जंजिऱ्याच्या हत्तींस त्यांचा थोरला भाऊ कोण हें सांगण्यास कोणी उरलें नसतें.

म्हणून जंजिऱ्यास जाणाऱ्या मंडळींस चित्र कसें घ्यावें याविषयीं दोन शब्द सांगावेसे वाटतात. शिल्प उठावाचें आहे; उठावाचें सर्व जीवित सावलींत असतें. समोरून पडणाऱ्या उन्हांत पंजा व हत्ती एकमेकांत मिसळून जातात. ऊन तिरपें झालें म्हणजे एकेक सोंड वेगळी निघते. होडीवाला तासाभरांत परत फिरण्याची घाई करितो, तेव्हां जातांना एक आणि निघतांना एक अशीं दोन चित्रें घ्यावीं. तासाभरांत सावली हलते. दगड काळा, आणि मागें समुद्राचा व आकाशाचा झगझगाट. हातांतील यंत्र त्या झगझगाटास भुलतें आणि दगडाचा नुसता काळा डाग करून टाकितें. यास्तव आकाश चित्रांत येऊं न देणें बरें. एक चित्र अगदीं जवळून घ्यावें, पण दुसरें असें घ्यावें कीं त्यांत सभोंवतालचे दगड व त्यांचे सांधे दिसतील. कारण शिल्पाचा दगड भिंतीच्या थरांत कसा बसविला आहे हें सांध्यांवरूनच कळतें. आणि तिसरें संपूर्ण दरवाजाचें. घरच्या मुलास त्यापुढें उभें करण्यास आमची हरकत नाहीं. जुने सर्वेक्षणवालेही इमारतीचें माप कळावें म्हणून चित्रांत एखादा माणूस उभा करीतच. फक्त मूल अशा बाजूस उभें करावें कीं शेपटी झांकली जाणार नाहीं. जीं पांच-पंचवीस घरगुती चित्रें आम्हांस पाहावयास मिळालीं, त्यांपैकीं बहुतेकांत पांचवा हत्ती कोणाच्या तरी खांद्यामागें गेला होता.

हें सगळें बारीकसारीक कां सांगावें? खाऱ्या वाऱ्यानें आणि कोंकणच्या पावसानें दगडाची कातडी हळूहळू जाते. आज सोंडेची जी वळी दिसते ती आपल्या नातवांना दिसेलच असें नाहीं. त्या वेळीं कोणी अभ्यासक शोध करूं लागला तर त्याच्या उपयोगी पडतील तीं आपल्या घरांत पडलेलीं हींच सहलीचीं चित्रें. आणि त्यांखालीं दिवस, वेळ व जागा लिहिलेली असेल तरच तीं उपयोगी पडतील. दर्पोक्तीची गोष्ट मात्र त्याखालीं लिहूं नये.

नगरास ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० पासून आहे. तेथें एका भिंतीवर दोन चित्रें शेजारीं लावावीं अशी आमची सूचना आहे. एक विजापूरच्या तोफेच्या तोंडाचें आणि दुसरें जंजिऱ्याच्या दरवाजावरील श्वापदाचें. खालीं दोन सालें पुरेत, १५४९ आणि १५६७-७१. चित्रें मात्र अशा मापानें वाढवून घ्यावीं कीं, तोफेच्या सुळ्यांतला हत्ती आणि शेपटीच्या वेढ्यांतला हत्ती दोन्ही सारखेच मोठे दिसतील.